थरावर थर: ॲक्रिलिक रंग आणि छाप वापरून केलेली चित्रं



मागच्या महिन्यात तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या गटाचा स्टॉल होता. शेवया, पापड, काळा मसाला होताच, पण मागच्या कापडावर आम्ही बारा चौकोनी चित्रं टांगली होती. येणारी बाई आधी चित्राला हात लावून बघायची आणि मग विचारायची, "हे रंगवलंय, चिकटवलंय का छापलंय?" तिन्ही केलंय म्हटलं की हसायची. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "आम्हाला शिकवाल का?" प्रत्येक गावात जाऊन शिकवणं आम्हाला जमणारं नाही. म्हणून आज रेडिओवरूनच सांगतो.

आधीच सांगून ठेवतो, यात आमच्या दोन मोठ्या चुकाही येणार आहेत. एकीनं आमच्या आठ जणींची मजुरी गेली. दुसरीनं आमच्या एका मावशींचं मन दुखावलं, आणि ती चूक अजून आम्हाला जास्त टोचते.

वाकळ कशी शिवतात ते तुम्हाला माहीतच आहे. जुन्या लुगड्यांचे, साड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि धावदोरा मारायचा. वरचं कापड विरलं की खालच्याचा रंग डोकावतो. आपलं हे चित्र तसंच असतं. खाली कागद, कापड, त्यावर रंगाचा हात, त्यावर छापातून उमटवलेली नक्षी, परत पातळ रंग, परत नक्षी. खालचं थोडं झाकायचं, थोडं दिसू द्यायचं. शहरात याला मिक्स मीडिया म्हणतात, म्हणजे मिश्र माध्यम. पिकासो या मोठ्या चित्रकारानं १९१२ साली एका चित्रात वेताच्या खुर्चीचं विणकाम छापलेला मेणकापडाचा तुकडा चिकटवला आणि चित्राला चौकटीऐवजी भोवतीनं दोर लावला. ते चित्र आज पॅरिसच्या संग्रहालयात आहे. हे बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, "मेणकापड तर माझ्या टेबलावर दहा वर्षं पडलंय, मला कुणी मोठी म्हटलं नाही!"

आता रंगाचं. आमची सुरुवात शाळेतून उरलेल्या पोस्टर कलरनं झाली. फुकट मिळाले म्हणून आणले. पहिला पिवळा हात छान बसला. वाळला. त्यावर निळा द्यायला गेलो तर ब्रशबरोबर खालचा पिवळा सुटून वर आला आणि सगळं शेवाळ्यासारखं हिरवं-मातकट झालं. आम्हाला वाटलं आपल्यालाच येत नाही. तसं नव्हतं. पोस्टर कलरमध्ये रंगाची पूड धरून ठेवायला डिंकासारखा पदार्थ असतो आणि तो वाळला तरी पाणी लागलं की परत सुटतो. म्हणजे त्यावर दुसरा थर देताच येत नाही.

ॲक्रिलिक रंगाचं वेगळं आहे. डबीतला ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात मिसळलेले प्लास्टिकचे अतिशय बारीक कण आणि त्यांच्यासोबत रंगाची पूड. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा धरतात, दुधावर साय धरते तसा. फरक एवढाच की साय परत दुधात ढवळता येते, हा पापुद्रा एकदा धरला की पाण्यानं सुटत नाही. म्हणूनच त्यावर दुसरा, तिसरा, सातवा हात देता येतो आणि खालचा जागचा हलत नाही. आणि म्हणूनच साडीवर सांडला तर तिथल्या तिथे धुवायचा. संध्याकाळी धुऊ म्हटलं तर साडी गेली. ब्रशाचंही तेच. कामाच्या मध्ये चहाला उठलात तरी ब्रश पाण्यात ठेवून उठा. आमचे पहिले चार ब्रश असेच लाकडासारखे कडक झाले.

पाणी किती घालायचं? आमची चमच्याची मोजणी अशी: दोन चमचे रंगाला अर्ध्या चमच्याच्या वर पाणी नाही. जास्त पाण्यानं ते कण विखुरतात, पापुद्रा नीट धरत नाही, वाळल्यावर बोट फिरवलं तर रंगाची पूड हाताला लागते. खूप पातळ, खालचं दिसेल असा रंग हवा असेल तर दुकानात ॲक्रिलिक मीडियम मागा. दुधासारखं पांढरं दिसतं, वाळलं की काचेसारखं होतं. रंग त्यात कालवायचा. आणि एक लक्षात असू द्या, हा रंग ओला असताना फिकट दिसतो, वाळला की गडद होतो. ओल्यावर बघून "अजून जरा गडद हवा" असं करत बसलात तर दुसऱ्या दिवशी चित्र काळवंडलेलं सापडेल.

आम्ही एमडीएफचे बोर्ड घेतो, बारा इंच बाय बारा इंच. सुताराकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. आधी काचपेपरनं घासून कडा गुळगुळीत करायच्या, फडक्यानं धूळ पुसायची, मग भिंतीला लावतात तो पाण्याचा पांढरा प्रायमर दोन्ही बाजूंनी द्यायचा. मागच्या बाजूला कोण बघतंय म्हणून ती सोडू नका. एकाच बाजूनं ओल लागली की बोर्ड वाकतो आणि मग भिंतीवर तो कधीच सपाट बसत नाही.

पहिला थर कागदाचा. दोन वाट्या फेविकॉलमध्ये एक वाटी पाणी घालून ढवळा. बोर्डावर लावा, कागद ठेवा, मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डानं दाबत हवा काढा, मग कागदावरूनही तोच हात फिरवा. कागद कुठला? वहीची पानं, एसटीची तिकिटं, लग्नपत्रिकेचं आतलं पातळ पान, पतंगाचा कागद, वर्तमानपत्र. जाड पत्रिका चिकटत नाही, कडेनं उचलते. जेल पेननं लिहिलेलं पान टाळा, शाई फुटते. वर्तमानपत्र उघडं राहिलं तर काही महिन्यांत पिवळं पडतं, पण आम्हाला ते आवडतं, त्यामुळे आम्ही मुद्दाम थोडं राहू देतो.

आणि कुठलं पान चिकटवताय ते वाचून मगच चिकटवा! आमच्या अगदी पहिल्या बोर्डावर गटाच्या जुन्या वहीचं पान लावलं होतं, आकडे छान दिसतात म्हणून. चित्र पूर्ण होऊन भिंतीवर लागलं तेव्हा एकीच्या लक्षात आलं की कोपऱ्यात तिच्या थकलेल्या हप्त्याची नोंद स्वच्छ वाचता येतेय. त्या कोपऱ्यावर लगेच एक सूर्य उगवला. नावं, खाते नंबर, आधारचे आकडे, कुणाचं आजारपण लिहिलेले कागद, यातलं काहीही चित्रात जाता कामा नये.

कापडही याच थरात लावतात. सुती, पातळ, धुऊन इस्त्री केलेलं. आता ती मावशींची गोष्ट सांगतो.

आमच्या गटातल्या एक मावशी पासष्टीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या आईचं इरकली लुगडं होतं, फाटून गेलेलं, त्याच्या काठाचा वीतभर तुकडा त्यांनी ट्रंकेत जपून ठेवला होता. चित्रात घालायला म्हणून तो त्यांनी स्वतःहून आणला. आम्ही तो बोर्डाच्या मधोमध चिकटवला आणि वाळायला ठेवला. दुसऱ्या दिवशी मावशी खुरपणीला गेल्या होत्या. आमच्यातल्या एका मुलीनं, तिचा काही दोष नव्हता, कुणी तिला सांगितलंच नव्हतं, सगळ्या बोर्डांना ओळीनं निळ्या रंगाचा हात दिला. हाही बोर्ड त्या ओळीत होता. मावशी दुपारी आल्या, बोर्डापाशी उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक माठातल्या पाण्यात बुडवलं आणि खाली बसून पुसायला लागल्या. त्या बोर्डाला शेवटी रंग दिला होता म्हणून वरची बाजू अजून ओली होती, तिथला काठ निघाला. खालचा अर्धा निळ्याखालीच राहिला. घासून बघितलं, काचपेपर लावून बघितला, तर रंगाबरोबर धागेच तुटायला लागले. तेव्हा थांबलो.

पाणी लागलं तरी रंग हलत नाही हा या रंगाचा जो गुण तुम्हाला सांगितला, त्याची ही दुसरी बाजू. पाच-दहा मिनिटांच्या आत ओल्या फडक्यानं पुसलं तर निघतं. त्यानंतर झाकलं ते झाकलं.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. रंगाची डबी उघडण्याआधी बोर्ड मधे ठेवायचा आणि ज्या बाईचा कागद किंवा कापड त्यात आहे तिनं बोट ठेवून सांगायचं, "एवढं झाकायचं नाही." त्याला आम्ही खिडकी म्हणतो. त्या जागेवर तेवढ्याच आकाराचा कागद कापून रंगाऱ्यांकडची कागदी चिकटपट्टी हलक्या हातानं लावून टाकतो. तीच पट्टी लावा, साधी पारदर्शक पट्टी काढताना खालचं उचलून आणते. शेवटपर्यंत ती खिडकी बंद राहते आणि अगदी शेवटी उघडतो. पट्टी काढताना सगळ्या जणी भोवती जमतात, ती आमची सगळ्यात आवडती वेळ.

कागद-कापडाचा थर रात्रभर वाळू द्या. वाळला का ते बघायला बोटानं दाबू नका, तळहाताची मागची बाजू टेकवा. गार लागलं तर आत पाणी आहे. कुरडया पाहतो तसंच. उन्हाळ्यात रंगाचा पातळ हात वीस-तीस मिनिटांत वाळतो, पावसाळ्यात अर्धा दिवसही लागतो. घाई झाली म्हणून चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका. वरून सुकतं, आत ओलं राहतं आणि नंतर पापुद्रा सुटतो.

आता स्टेन्सिल, म्हणजे आपला छाप. रांगोळीचे जाळीदार प्लास्टिकचे छाप आपल्या सगळ्यांच्या घरी असतात. त्यातले मोठ्या भोकांचे इथे चालतात. बारीक ठिपक्यांच्या छापातून रांगोळी पडते, पण रंग भोकातच अडकतो. बाजारात तयार स्टेन्सिलही मिळतात. आम्ही मात्र आता आमचे आम्हीच कापतो, जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर. फिल्म मजबूत असते, वाकते पण मोडत नाही. तिच्यावरचा थर ओला झाला की चिकट होतो, म्हणून दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावून घ्या आणि मगच कापा. पेशंटचं नाव असलेला कोपरा आधी कापून टाका. आमच्याकडे एका काकांच्या मोडलेल्या मनगटातून आंब्याचं पान निघालं आहे, ते छाप हातात घेतला की काकू अजून हसतात.

कापायला धारदार कटर, खाली जाड पुठ्ठा, आणि कटर आपल्या अंगाकडे ओढताना दुसरा हात पात्याच्या वाटेत नको. लहान मुलं जवळ नकोत.

छाप काढताना एक गोष्ट सगळ्यांची चुकते. समजा गोल काढला आणि त्याच्या आत लहान गोल ठेवायचा आहे, टायरसारखा. कापायला घेतलं की आतला गोल सुटून खालीच पडतो, कारण त्याला धरायला काही उरलेलं नसतं. म्हणून दोन-तीन ठिकाणी बारीक पट्ट्या न कापता ठेवायच्या. आम्ही त्यांना पूल म्हणतो. पूल गव्हाच्या दाण्याएवढा रुंद तरी हवा, नाहीतर दोन वेळा धुतल्यावर तुटतो. फुलाच्या पाकळ्या एकमेकींना चिकटवून काढू नका, मधे फट ठेवा, म्हणजे फटच पूल होते. आधी कागदावर काढायचं, जो भाग रंगायचा तो पेन्सिलनं काळा करायचा आणि बघायचं, सगळा पांढरा भाग एकमेकांना जोडलेला आहे ना? असेल तर छाप कापता येतो. आणि कापून निघालेला तुकडाही टाकू नका. पान कापलं तर पानाच्या आकाराचा तुकडा हातात येतो, तो बोर्डावर ठेवून भोवतीनं रंग टिपला की रंगात पांढरं पान उमटतं. एका कापण्यात दोन छाप.

नक्षी कुठली? आम्ही चैत्रांगण घेतलं. चैत्र महिन्यात अंगणात काढतात ते. त्यात शंख, कासव, गोपद्मं, तुळस, पाळणा, चंद्र-सूर्य, किती तरी आकृत्या आहेत, आणि आमच्या आजींना त्या न बघता येतात. शिवाय ज्वारीचं कणीस, सुगरणीचं घरटं, जातं. बाजारात वारली आकृत्यांचे तयार छाप फार मिळतात आणि खपतातही. आमच्या बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. वारली चित्रकला ही पालघर-डहाणू-जव्हारकडच्या वारली समाजाची आहे, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारखी माणसं हातानं काढत आली ते आपण प्लास्टिकच्या छापातून मारायचं आणि वर "वारली चित्र" म्हणून विकायचं, हे आम्हाला पटलं नाही. दोन जणींचं मत वेगळं होतं, गिऱ्हाईक मागतं म्हणून. अजूनही आहे. पण गटाचा ठराव झाला आणि आम्ही ते छाप घेतले नाहीत.

छापातून रंग कसा भरायचा? भरायचा नाही, टिपायचा. छाप चिकटपट्टीनं बोर्डावर बसवा. रंगात पाणी अजिबात घालू नका. स्पंजचा तुकडा रंगात टेकवा, मग जुन्या कागदावर दोन-तीनदा टिपून जवळजवळ कोरडा करा, आणि वरून खाली सरळ टिपत जा. ब्रश ओढला की रंग छापाखाली शिरलाच म्हणून समजा. एकदाच जाड भरण्यापेक्षा तीन वेळा हलकं टिपा. या कामात आमच्यात सगळ्यात चांगला हात कुणाचा असेल? ज्यांचा हात थरथरतो म्हणून ज्या सुईत दोरा ओवत नाहीत त्या आजींचा. त्यांनी पहिल्या दिवशी "मला शाळेत रेघ सुद्धा आली नाही" म्हणून ब्रश धरायला नकार दिला होता. टिपायला रेघ लागत नाही.

तरीही रंग खाली शिरत असेल तर एक युक्ती आहे. बोर्डाचा जो खालचा रंग आहे तोच आधी छापातून हलका टिपा आणि वाळू द्या. जी काही फट आहे ती त्याच रंगानं बुजते आणि शिरला तरी दिसत नाही. मग वरून नक्षीचा रंग टिपा. कड सुरीनं कापल्यासारखी येते. काम झालं की छाप लगेच धुवा, नाहीतर रंग साचत जाऊन भोकं लहान होतात.

धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. रंग म्हणजे प्लास्टिकच आहे हे मघाशी सांगितलं. आम्ही एक जुनी बादली ठेवली आहे. त्यात गाळ खाली बसतो, वरचं पाणी लांब एका खड्ड्यात ओततो, गाळ वाळवून कचऱ्यात टाकतो.

उठावदार नक्षीसाठी लेप लागतो. तयार मिळतो, पण महाग. आम्ही एक वाटी चाळलेली खडूची भुकटी, अर्धी वाटी फेविकॉल आणि दोन चमचे पांढरा ॲक्रिलिक रंग कालवतो, श्रीखंडाइतकं घट्ट होईपर्यंत. खडूऐवजी चाळलेली पांढरी रांगोळी घातली तर खरखरीत, मातीच्या भिंतीसारखा लेप होतो. छाप ठेवायचा, एटीएम कार्डानं लेप सारवायचा, आणि छाप लगेच सरळ वर उचलायचा. वाट बघितलीत तर नक्षी छापाबरोबर निघून येते. फार जाड लावू नका, तडे जातात. रात्रभर वाळू द्या.

यानंतरचा थर आम्हाला सगळ्यात गमतीचा वाटतो. तपकिरी रंग मीडियममध्ये पातळ करून सगळ्या उठावावर लावायचा आणि लगेच सुक्या फडक्यानं पुसायचा. खोलगट जागी रंग राहतो, उंच भाग पुसून निघतो, आणि कालचा पांढरा लेप एकदम जुन्या वाड्याच्या दारासारखा दिसायला लागतो. तो वाळल्यावर ब्रशाला किंचित फिकट रंग लावून, कागदावर पुसून, उंच भागावरून नुसता घसरता हात फिरवायचा. कळसाला ऊन लागल्यासारखं दिसतं.

थांबायचं कधी, हे शिकवता येत नाही. आमचं एक चित्र अकरा थरांचं झालं, रोज कुणीतरी "एवढं जरा" म्हणून काहीतरी घालत होती. ते आता सचिवताईंच्या घरी गरम पातेल्याखाली असतं. पाच-सहा थर झाले की आम्ही मोबाईलवर फोटो काढतो आणि तो काळा-पांढरा करून बघतो. सगळंच एकसारखं राखाडी दिसत असेल तर अजून कुठेतरी गडद किंवा फिकट हवं आहे. गडद-फिकट वेगळं दिसलं की ब्रश धुऊन टाकतो.

आता पैसे गेले ती चूक.

आषाढात आम्हाला २४ चित्रांची ऑर्डर मिळाली. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलच्या खोल्यांसाठी, ५०० रुपयांना एक. सामानासाठी गटातून ४,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज घेतलं. आठ जणी, तीन आठवडे. पाऊस होता, हवा दमट, एकही थर वेळेवर वाळेना. शेवटचा हात मंगळवारी दिला आणि गुरुवारी टेम्पो आला. हाताला कोरडं लागत होतं म्हणून दोन-दोन चित्रं तोंडाला तोंड लावून, मधे प्लास्टिकचा कागद घालून, दोरीनं बांधली. वाटेत ऊन पडलं, ताडपत्रीखाली टेम्पो तापला. तिथे जाऊन दोरी सोडली तर १४ चित्रं एकमेकांना किंवा प्लास्टिकला चिकटलेली. ओढून सोडवली तेव्हा एकाचं कासव दुसऱ्यावर गेलं.

असं का झालं ते नंतर समजलं. ॲक्रिलिक वरून वाळलं तरी आतून पक्कं व्हायला बरेच दिवस लागतात. आणि प्लास्टिकच असल्यानं उन्हात ते मऊ पडतं. मऊ पडलेल्या दोन पापुद्र्यांवर वजन आलं की ते एकमेकांत मिसळतात.

हॉटेलवाल्यांनी चांगली १० घेतली, ५,००० रुपये दिले. त्यातून कर्जाचे ४,००० गेले, व्याजाचे ८०, टेम्पोचे ५२०. उरले ४००. प्रत्येकीच्या हातात ५० रुपये. त्या महिन्याची बैठक फार वाईट झाली. घाई कुणी केली, टेम्पो कुणी बोलावला, ऑर्डर घेतलीच कशाला. आम्ही ऑर्डर घेतली होती आणि तारीखही आम्हीच कबूल केली होती, हे आम्ही कबूल केलं आणि इतिवृत्तात तसंच लिहून घेतलं. दोघींनी त्या दिवशी ब्रश खाली ठेवला. एक दिवाळीनंतर परत आली. दुसरी आली नाही.

खराब झालेले १४ बोर्ड टाकले नाहीत. सोलवटलेल्या जागांवर नवा कागद चिकटवून परत थर दिले, त्यातले नऊ पुढे विकले गेले.

आता आम्ही काय करतो? शेवटच्या हातानंतर तीन दिवस सोडतो, मग पाण्याचं ॲक्रिलिक वार्निश दोन पातळ हात, त्यानंतर निदान दोन आठवडे मोकळ्या हवेत उभं ठेवतो. पावसाळ्यात तारखेची ऑर्डर घेतच नाही. प्रत्येक बोर्डाच्या मागे शेवटच्या हाताची तारीख पेन्सिलनं लिहितो, त्यामुळे "वाळलंय की" म्हणणारीला मागची बाजू दाखवता येते. बांधताना चित्रावर बेकरीतला न चिकटणारा बेकिंग पेपर, चारही कोपऱ्यांना खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे, म्हणजे मधे फट राहते. फुग्यांचं प्लास्टिक थेट चित्रावर लावू नका, फुग्यांचे गोल उमटतात. आणि तोंडाला तोंड कधीच नाही.

किमतीचं विचारलं जातं म्हणून आमचा हिशेब सांगतो, तुमच्याकडचे भाव वेगळे असतील. एका बोर्डाला बोर्ड ६०, प्रायमर आणि फेविकॉल २०, रंग ४५, वार्निश १५, बांधणी आणि हुक २०, असे १६० रुपये. हाताचं काम साधारण तीन तास, तासाला ६० धरून १८०. झाले ३४०. दहातला एक बिघडतो, त्याचे ३४. म्हणजे ३७४ रुपये आमचे बसले, नफा अजून कुठेच नाही. प्रदर्शनात "छापच तर मारलाय, दोनशेला द्या" म्हणणारे भेटतात. आम्ही आता एक छाप आणि एक कोरा बोर्ड स्टॉलवर ठेवतो आणि त्यांनाच टिपायला सांगतो. त्यानंतर सहसा भाव होत नाही.

पहिल्यांदा करणार असाल तर सगळं एकदम आणू नका. पांढरा, काळा, पिवळा, लाल, निळा आणि तपकिरी, एवढ्या सहा डब्या पुरतात, बाकीचे रंग यातूनच होतात. पांढरी डबी मोठी घ्या, तीच आधी संपते. दोन चपटे ब्रश, भांडी घासायचा नवा स्पंज कापून, फेविकॉल, कागदी चिकटपट्टी, कटर. बोर्डाऐवजी पहिले दोन-तीन जाड पुठ्ठ्यावर करून बघा. वार्निश लगेच घेऊ नका, पहिली तीन-चार चित्रं कुणी विकत नाही, ती घरातच लागतात.